बत्तीस चित्रं, सर्व शाबूत

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा! दुकान पाहून जीव हरखला. पुढच्या भागात घड्याळं, काचेचे दिवे, पितळी तराजू आणि एक तीन पायांची खुर्ची. दोन पायऱ्या उतरलं की मागे पुस्तकांची खोली, आणि ती खास माझी. राहायला वर पोटमाळा दिलाय. वाकून उभं राहावं लागतं, पण खिडकी आहे.

मालक गोड बोलणारा माणूस. पोट पुढे, चष्मा दोरीने गळ्यात. म्हणाले की पुस्तकाचं नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. आधी कणा दाबून पाहायचा, मग कडा, मग उजेडात धरून किडीची भोकं शोधायची, मग चित्रं मोजायची. हे सगळं शेवटच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने लिहून खाली किंमत टाकायची. मी हेच तर आयुष्यभर करत आलोय, फक्त पगार कोणी दिला नव्हता.

बायकोला फोन केला. ती म्हणाली की आधीच्या दोन नोकऱ्या जिभेपायी गेल्या, निदान ही तरी तोंड मिटून टिकवा. पंधरा दिवस पारख होणार, मग कायम. कायम झालो की ती आणि लेक इकडे येतील. लेकीला खिडकी आवडेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज मालकांनी दुकानाची रीत शिकवली. कोणी पिशवीभर पुस्तकं घेऊन आलं की खऱ्या मोलाच्या पुस्तकाला आधी हात लावायचा नाही. टाकाऊ पुस्तकं उचलून त्यांची तोंडभरून तारीफ करायची, त्यांना बरा भाव द्यायचा, आणि ते एक पुस्तक कीव आल्यासारखं बाजूला सारायचं. गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, असू द्या, तेही ठेवून घ्या.

मी पोट धरून हसलो. तसं यात पाप काय? पळसाला पानं तीनच, सगळ्या दुकानांत हेच चालत असणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी एक म्हातारी बाई आल्या. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, गेल्या वर्षी गेला. पिशवीत सात पुस्तकं. सहा साधी. सातवं शंखशिंपल्यांचं, हाताने रंगवलेल्या चित्रांचं. असल्या पुस्तकांतली चित्रं लोक कापून चौकटीत लावतात, त्यामुळे अखंड प्रत मिळतच नाही. मी नुसती कड चाळली आणि मोजली. बत्तीसच्या बत्तीस. आणि रीतीप्रमाणे कीव आल्यासारखं बाजूला सारलं.

बाई सांगत होत्या की मास्तरांनी जन्मभर पगार पुस्तकांत घातला. बाईंनी स्वतः एकच चप्पल चार वर्षं शिवून वापरली. दीर सगळ्यांसमोर मास्तरांना वाळवी म्हणायचा आणि पंगतभर लोक हसायचे. मग त्यांनी तेच पुस्तक नेमकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पैशाचं सोडा हो. हे शहाणे होते की खुळे, तेवढं सांगा."

मालक माझ्या पाठीशी उभे होते. मी म्हणालो की असली पुस्तकं पैशाला पासरी.

बाई हसल्या. मला वाटलंच होतं, म्हणाल्या. ते हसू मला अजून दिसतंय. सहांचे पैसे घेतले, सातवं ओझं नको म्हणून ठेवून गेल्या. जाताना विचारलं, घरी अजून दोन कपाटं भरलीत, त्यांचं काय करू? मी म्हणालो, रद्दीवाल्याला द्या. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मालकांनीसुद्धा नाही. ते मी आपणहून बोललो.

मालकांनी पाठ थोपटली आणि पंधरा दिवसांची वाट न बघता कायम केलं. बायको फोनवर रडली, आनंदाने. मला जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

शंखशिंपल्यांच्या पुस्तकाची नोंद सकाळी केली. "कणा भक्कम. कडा स्वच्छ. कीड नाही. चित्रं बत्तीस, सर्व शाबूत." किंमत मालक टाकणार.

दुपारी पाहतो तर माझ्या नोंदीखाली आणखी एक ओळ. अक्षर सरळ, टपोरं, फळ्यावर लिहावं तसं. "कणा ढिला. आधाराशिवाय उभा राहत नाही."

कणा तर भक्कम आहे, मी तीनदा दाबून पाहिला. मालक म्हणाले की त्यांनी पुस्तकाला हातही लावला नाही. मी ओळ खोडरबराने पुसली. मग त्या सहा साध्या पुस्तकांपैकी एक उघडलं. समासांत मास्तरांच्या टिपा होत्या. अक्षर तेच.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी उठलो तर पाठ सरळ होईना. पोटमाळ्यात वाकून वाकून झालं असेल. डॉक्टर म्हणाले, चांगली खुर्ची घ्या. रस्त्याने भिंतीला धरून आलो.

पुसलेली ओळ परत आली आहे. खाली नवी. "कडा पिवळ्या, ठिसूळ." माझ्या बोटांची टोकं पिवळी पडलीत. टेबलावर आपटलं तर एका नखाचा तुकडा पडला, वाळल्या पानासारखा. रक्त नाही.

मला कळलंय नोंद कुणाची चालली आहे.

पावतीपुस्तकातून बाईंचा पत्ता काढला. जेवण झाल्यावर जाऊन खरं सांगणार होतो. दारापर्यंत गेलो. काय सांगू? की एका नोकरीसाठी तुमच्या नवऱ्याला तुमच्यासमोर खुळा ठरवला? लाज वाटली. परत येऊन बसलो. उद्या नक्की.

१२ फेब्रुवारी, बुधवार

"कीड: आतून."

कान झटकला की भुसा पडतो. बारीक, पिठासारखा. दुपारी उशीवर डोकं टेकलं तर आत कुरतडल्याचा आवाज. पळतच निघालो, जमेल तसा. पुस्तक पिशवीत घेतलं.

बाईंनी दार उघडलं, ओळखलं, आत बसवलं. दोन्ही कपाटं उघडी होती आणि रिकामी. रद्दीवाला सकाळीच येऊन गेला.

चहा केला त्यांनी. म्हणाल्या की बरं झालं तुम्ही खरं बोललात. जन्मभर या माणसाला शहाणा समजून गप्प बसले, मनात कुरकुर आली तरी मलाच पाप लागेल वाटायचं. आता मोकळी झाले. भिंतीवर एक फोटो होता, मास्तरांचाच असणार, तो त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या रिकाम्या कपाटांकडे बघत होत्या.

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. पिशवी उघडायची आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच होतं. कपाटं भरलेली असती तर बोललो असतो. आता बोललो तर ती सगळी मीच रद्दीत घातली हेही सांगावं लागलं असतं.

मी चहा प्यायलो. छान झालाय म्हणालो. आणि उठलो.

माझ्यासारखा हलकट मीच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

"वाचता येण्याजोगं नाही."

आवाज गेला. तोंड उघडलं की नुसती सळसळ. बाईंना फोन लावला. त्या तीनदा हॅलो म्हणाल्या — मी ओरडत होतो, देवाशपथ ओरडत होतो — कोण आहे, म्हणाल्या, आणि ठेवला.

मालकांना लिहून दाखवलं. त्यांनी कागद नव्हे, मला उजेडाकडे फिरवलं. कानामागे बघितलं. मग बोटं पुसली आणि पायऱ्या चढून पुढच्या दुकानात निघून गेले.

बायकोचा फोन वाजतोय. ती आणि लेक शनिवारी येणार होत्या. उचलून काय —

१४, सकाळ

चित्रांबद्दल एक ओळ. "चित्रं: एकही नाही." लेकीचा चेहरा आठवून पाहिला — आठवत नाही. बायकोचा नाही. बाईंचं ते हसू तेवढं —

खाली "किंमत:". पुढे कोरं. माझ्यासाठी ठेवलंय.

१४, दुपार

तीन बोटं उरली. दुमडली की घडीवर फाटतात. पेन्सिल धरता येते. बाईंना लिहितो. इथेच लिहितो, कोणीतरी नेऊन देईल —

बाई, पत्रास कारण की मी दुकानात नवा होतो, मालक मागे उभे होते, घरी बायको आणि लेक, दोन नोकऱ्या गेलेल्या, तेव्हा माझ्यावर वेळच अशी की

बोट गेलं. माझंच रडगाणं लिहीत बसलो. तिथेही माझंच.

दुसरंही —

पुन्हा.

बाई, तुमचे मास्तर