चौथीतल्या पोरीनं वाचलेला कागद

आये,

आज वकिलांच्या ओटीवर मी एका बाईवर ओरडले. चांगली ओरडले, समोरच्या भजीवाल्यानं झारा हातात धरून वळून पाहिलं इतकी. बाई तुझ्याच वयाची, म्हणजे तू गेलीस त्या वयाची. पनवेलच्या बाहेर नवा कारखाना झालाय, तिथं झाडलोटीला होती. कामावरून काढली. का म्हणून विचारायला गेली, तर मुकादमानं तिचाच अंगठा असलेला इंग्रजी कागद तिच्यापुढं धरला, की बाई, तूच तर राजीनामा दिलायस. मी म्हटलं, ‘कागदात काय आहे ते न कळता अंगठा दिलाच कसा? अंगठा काय रस्त्यावर पडलाय?’ तर ती माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली, ‘तुमी कशाला वरडता? नोकरी माजी गेलीय, तुमची नाय.’ मी तिला थांबायला सांगितलं आणि उगाच आत जाऊन पाणी पिऊन आले.

तुला हे माहीत नाही की मी आता इथंच कामाला आहे. ज्या वकिलांकडं तू जिताडा मासा घेऊन गेली होतीस, त्यांचीच मी कारकून. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी निरोप धाडून बोलावलं. घराचा, शेताचा, नोकरीचा तंटा घेऊन जो येईल त्याचं म्हणणं आधी मी ऐकते, कागद वाचते, दोन ओळींत लिहून काढते, मग माणूस आत जातो. माझं तोंड फाटकं आहे असं लोक म्हणतात. असेल. तू गेलीस त्याला आता पंधरा वर्षं होतील, आणि तेवढ्या काळात माझ्याइतका कोणाला असल्या अंगठ्यांचा राग आला नसेल. आता चार वाजलेत, वकील कोर्टात आहेत, ओटी रिकामी आहे, म्हणून लिहायला बसलेय.

तुला आठवतं ना, दरवर्षी भात झोडून झालं की मालकाचा दिवाणजी खळ्यावर यायचा. बगलेत कागदांचं बासन, हातात शाईची डबी. सगळी कुळं ओळीनं बसायची आणि तो एकाच सुरात कबुलायत वाचायचा: अमुक खाजणातलं शेत यंदा कसायला घेतलं, खाडीकडचा बांध आम्ही राखू, खंडाचं भात मालकाच्या घरी पोचतं करू. बा गेल्यापासून आपल्या शेताच्या कबुलायतीवर अंगठा तुझा. मी तुझ्या मांडीला टेकून ते इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते कवितेसारखं पाठ होतं. त्या वर्षी मात्र दिवाणजी खळ्यावर आला नाही. सकाळी एकटाच आपल्या दारात आला, आणि घाई आहे म्हणाला. तू भाकरी थापत होतीस. हात धुतलेस, पदराला पुसलेस, आणि एवढा मोठा आवाज काढलास की शेजारच्या तिन्ही घरांत जावा: ‘थांबा दिवाणजी! माजी पोर वाचंल. चवथीत हाय ती!’

तू मला पाटावर बसवलंस. पूजेला बसवतात तसं. दिवाणजीनं कागद माझ्या हातात दिला आणि तो हसला. कागद मोडीत होता. शाळेत आम्ही पुस्तकातली सरळ, सुटी अक्षरं शिकत होतो. मोडी शिकवायची की बंद करायची याचा मास्तरांनाच पत्ता नव्हता. माझ्यापुढं नुसती शाईची वेटोळी होती, उजवीकडं पळत सुटलेली. आणि तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस. आये, तुझं ते तोंड! मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणायला लागले, अमुक खाजणातलं शेत यंदा कसायला घेतलं, खाडीकडचा बांध आम्ही राखू. बोट सरकवत सरकवत शेवटपर्यंत म्हटलं, कुठं अडखळले नाही. तू अंगठा दिलास. दिवाणजीनं कागदावर फुंकर मारली आणि मला म्हणाला, ‘हुशार आहेस हो.’

पेरणीच्या तोंडावर तोच दिवाणजी दोन माणसं घेऊन बांधावर उभा राहिला. शेतात पाय ठेवायचा नाही म्हणाला. कुळांना हक्क देणारा कायदा आला होता, मालकाला जमीन मोकळी करून हवी होती, हे आपल्याला कुठं ठाऊक? आपल्याला एवढंच कळलं की तू शेत सोडल्याचा राजीनामा दिलायस आणि त्यावर तुझा अंगठा आहे. ते शेत गेलं की आपण दोघी गेलोच होतो. मिठागरावर डोक्यानं टोपल्या वाहायच्या नाहीतर मुंबईला कोणाची भांडी घासायची, तिसरं काही नव्हतं. तू घरी येऊन चुलीपुढं बसलीस. माझ्याकडं एकदाच पाहिलंस आणि म्हणालीस, ‘उद्या पनवेलला जावाचा. शालंत जाऊ नको.’

कचेरीत काम असलं की जिताडा न्यायचा ही आपल्याकडची रीत. मग वकिलाकडं हात हलवत कसं जायचं? शेतातल्या तळीतला चांगला हातभर लांब मासा तू केळीच्या पानात गुंडाळलास, टोपलीत घातलास, आणि आपण चालत पनवेलला आलो. याच ओटीवर तू टोपली ठेवलीस आणि पान उलगडलंस. आतून वकिलांच्या बायकोचं ‘अगं बाई गं!’ अजून माझ्या कानात आहे. देवपूजेच्या वेळी ब्राह्मणाच्या ओटीवर जिताडा! वकिलांनी नाकाला पंचा लावला आणि म्हणाले, ‘बाई, तुमची रीत मला कळली, पण आधी तो समोरच्या घरी देऊन या, त्यांच्याकडं चालतो.’ तू देऊन आलीस. मग ते गंभीरपणे म्हणाले, ‘हं, सांगा. माशाची फी मिळाली असं समजतो.’ तुला ती थट्टा आवडली नाही. पाठ ताठ करून तू सगळं सांगितलंस.

त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, ‘मामलेदारासमोर गेला होता का? त्यांनी तुम्हाला काही विचारलं का?’ तू म्हणालीस, ‘कचेरीची पायरी मी पायली नाय.’ तेव्हा वकिलांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. कुळानं शेत सोडलं असं नुसतं कागदावर लिहून चालत नाही, म्हणाले. मामलेदारानं कुळाला समोर बसवून, बाई, हे तू समजून उमजून, आपल्या खुशीनं करतेस का, असं विचारायला पाहिजे. त्याशिवाय तो राजीनामा कायद्यात बसत नाही. ‘मी अर्ज करतो. तोवर ताबा सोडू नका. भांडू नका, हात उचलू नका, पण शेतातून हलू नका.’ दुसरी गोष्ट त्यांनी अर्ज लिहिता लिहिता विचारली, ‘अंगठा देताना कागद कोणी वाचून दाखवला होता?’

मी तुझ्या लुगड्याला धरून उभी होते. तू भिंतीकडं पाहिलंस. ‘कोनी नाय,’ म्हणालीस.

चिंचा चोरून ‘नाही चोरल्या’ म्हटलं म्हणून मला फोकानं मारणारी तू. आणि तीच तू वकिलांपुढं खोटं बोललीस!

‘ताबा सोडू नका’ हे तू कसं घेतलंस ते वकील अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तू चूलच उचललीस. तीन दगड, तवा, पिठाचा डबा आणि मी, सगळं शेताच्या बांधावर. ‘घरात रांधला तर ताबा घराचा. शेतात रांधला तर शेताचा,’ असा तुझा हिशेब. गावातल्या बाया हसल्या, एक म्हणाली की हिला आता खेकड्यांत संसार मांडायचाय. तू इरलं डोक्यावर घेऊन ओल्या लाकडांवर फुंकत राहिलीस, आणि धूर मालकाच्या माडीवरून दिसेल असा वर जायचा. दिवाणजी आला तेव्हा तू भाकरी उलटत होतीस. उठली नाहीस. ‘कचेरीचा कागद आन,’ म्हणालीस. ‘तवर मी हितून हालत नाय. भाकरी खानार का?’ त्याच्याबरोबरचे दोघे आपल्याच गावचे होते, ते तोंड फिरवून हसले. दिवाणजी बांधावरून घसरता घसरता परत गेला. भाताचा राब तू वेळेवर पेरलास. मग रोपं वर आली तेव्हा ती उपटायची कोणाची छाती झाली नाही.

आणि मग कचेरी. मामलेदार खुर्चीवर, वकील उभे, तू टेबलापुढं, मी दाराशी. मागं अर्धा गाव. मामलेदारांनी विचारलं, ‘अंगठा तुमचाच?’ तू म्हणालीस, ‘अंगठा माजा, सायेब. बोलना माजा नाय.’ तेव्हा दिवाणजी पुढं झाला. नम्रपणे, अगदी हात जोडून बोलला, की साहेब, हिची पोरगी शिकलेली आहे, तिनंच हा कागद वाचून दाखवला, मग अंगठा झाला, ती काय दाराशी उभी आहे. सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मामलेदार म्हणाले, ‘ये गं पोरी इकडं. वाचून दाखव बघू.’ आणि तू मध्ये आलीस. अक्षरशः, टेबल आणि मी यांच्यामध्ये. ‘तिला नको बोलवू, सायेब. तिला वाचाया येत नाय.’ दिवाणजी म्हणाला, ‘अहो, ही स्वतःच गावभर सांगते!’ तू म्हणालीस, ‘आयशीला आपली पोर शानी वाटतेच. मी मोठेपना केला. येत नाय तिला.’

मागं लोक हसले. ज्या बायांपुढं तू माझ्या शाळेचा एवढा तोरा मिरवलास, त्याच हसल्या. वकील म्हणाले, साहेब, मुलीला येतं की नाही हा प्रश्नच नाही, या बाईला इथं आणून पडताळणी केली होती का एवढंच दिवाणजींना विचारा. दिवाणजीला ‘नाही’ म्हणावं लागलं. शेत राहिलं. तू कचेरीच्या पायऱ्या उतरलीस ती एखाद्या नवरीसारखी, आणि मला जवळ घ्यायला हात पुढं केलास. मी तो झटकला.

आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. माझं नाव तू चारचौघांत बुडवलंस, हाच राग. तू समजूत काढली नाहीस, रागावलीही नाहीस. मग एका बाजारच्या दिवशी तू पनवेलहून आलीस आणि माझ्या उशाशी काहीतरी ठेवून कामाला गेलीस. मोडीचा कित्ता होता. वळणं गिरवायचं छापील पुस्तक. दुकानात तू काय सांगून ते मागितलंस, कोणास ठाऊक. मी ते बघितलं, माझे कान तापले, आणि ते मी माळ्यावर फेकून दिलं. तू पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाहीस. चार वर्षांनी तापानं तू तीन दिवसांत गेलीस, तोवर मीही काढलं नाही.

कित्ता मी तुझ्या बाराव्यानंतर खाली काढला. उंदरांनी एक कोपरा खाल्ला होता. तोच गिरवून मोडी शिकले. इथं कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी वकिलांना आपल्या दाव्याचं बासन मागितलं आणि राजीनाम्याची नक्कल वाचली. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने शेत सोडले आहे.’ शेवटची ओळ, ‘कागद वाचून दाखविला, ऐकून समजून अंगठा केला.’ ती ओळ मी किती वेळा वाचली असेन! आणि या कामात पुढं हेही कळलं, की त्या दिवशी खरं सांगितलं असतंस, पोरीनं भलतंच वाचलं असं म्हणाली असतीस, तरी शेत गेलं नसतं. उलट अर्जाला बळच आलं असतं. वकिलांनी तुला ते कधी सांगितलं की नाही, मला विचारायची हिंमत झाली नाही.

तर आजची बाई. पाणी पिऊन मी बाहेर आले आणि तिला नीट विचारलं, ‘बाई, अंगठा देताना कागद कोणी वाचून दाखवला?’ ती भिंतीकडं बघत म्हणाली, ‘कोनी नाय.’ मी लेखणी खाली ठेवली. ओटीच्या खाली, पायरीशी, परकर-पोलक्यातली एक मुलगी नखं खात उभी होती. मी तिला वर बोलावलं. बाई ताडकन उठली, मध्ये आली, ‘तिला कशाला?’ म्हणाली. मी म्हटलं, बसा, काही होत नाही. मुलीच्या हातात त्या इंग्रजी कागदाची बाईनं आणलेली नक्कल दिली आणि सांगितलं, ‘येत असेल तर वाच. येत नसेल तर येत नाही म्हण. नोकरी तुझ्यामुळं गेलेली नाही आणि तुझ्यामुळं अडणारही नाही.’ तिनं कागद बघितला. आईकडं बघितलं. ‘नाय येत,’ म्हणाली. ‘मी अंदाजानं सांगितला, पगारवाढीचा हाय म्हनून.’ आणि रडायला लागली. आईनं तिला पोटाशी ओढलं, तिनं हात झटकला नाही.

मी अर्जात ते जसंच्या तसं लिहिलं. मुलीनं अंदाजानं सांगितलं, बाईला अर्थ कळला नाही, कळल्याबरोबर ती दाद मागायला आली. आणि उद्या सकाळी पाळीच्या वेळेला कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहा म्हणून बजावलं. रोज. आत घेईपर्यंत. ‘चूल घेऊन गेलात तरी चालेल,’ म्हटलं. तिला ते कळलं नाही, पण जाईन म्हणाली.

वकील येतील आता. हा कागद धाडायचा कुठं? कित्त्यात ठेवून देते, उंदरानं खाल्लेल्या कोपऱ्यापाशी. आये, कचेरीत सगळ्यांसमोर तू माझ्याबद्दल जे म्हणालीस, ते खरंच होतं. मला येत नव्हतं.