टेबलाखाली राहिलेली टोपी

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? अजून पायमशीनच चालवतेस की मोटर बसवून घेतलीस? इकडे सगळे ठीक. बायकोचा खोकला गेला, माझी बडबड तेवढी गेलेली नाही.

त्या बडबडीचीच बातमी आहे. आमच्या ग्रंथालयात खऱ्या गोष्टी सांगायची स्पर्धा भरली होती. हातात कागद घ्यायचा नाही, स्वतःच्या आयुष्यात घडलेलं पाच मिनिटांत सांगायचं. शेवटी प्रेक्षकांतून एक प्रश्न येतो, त्याचंही खरं उत्तर द्यायचं. मी पहिल्या फेरीत पहिला आलो. तू म्हणशील, जन्मभर फुकट बोललास, आता कुठे चीज झालं.

गोष्ट बाबांच्या शिलाईच्या दुकानातली होती. गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट जळाला, ती. मी तेव्हा शाळेत होतो आणि ताई कोटावर इस्त्री ठेवून खुशाल नळावर गेली, असं रंगवून सांगितलं. बाबांनी डोक्याला हात लावला, त्याची नक्कल केली. लोक पोट धरून हसले.

तालमीला ग्रंथालयाच्या बाई सांगायच्या, वास सांगा, रंग सांगा, म्हणजे गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहते. म्हणून मी सांगितलं, की कापड आधी पिवळं पडलं, मग कडेनं तपकिरी झालं आणि केस जळल्यासारखा वास सुटला.

तिसऱ्या रांगेतल्या एका नर्सनं हात वर केला. म्हणाली, "तुम्ही तर शाळेत होतात ना? मग कापड पिवळं पडताना पाहिलं कुणी?"

सगळे हसले. मीही हसलो. "ताईनं सांगितलं," म्हणालो, आणि बक्षीस घेऊन घरी आलो. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

तू मला कधीच काही सांगितलेलं नाहीस, ताई. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. बाबा जेवायला गेलेले, तू मागे नळावर. आपणही करून बघावं म्हणून मी इस्त्री टेकवली. कापड पिवळं पडलं, वास सुटला. इस्त्री उचललीसुद्धा नाही, पळालो. नेहमीच्या वेळी दप्तर घेऊन शहाण्यासारखा परत आलो.

माझी शाळेची टोपी मात्र टेबलाखाली राहिली होती. बाबा विचारत होते तेव्हा ती तू पाठीमागे धरली होतीस. मला ती दिसली, आणि मला दिसली हे तुलाही कळलं. मग तू म्हणालीस, "मीच."

मी खाली बघितलं.

जिचं लक्ष नाही तिला शाळा कशाला, असं म्हणून बाबांनी तुला मशीनवर बसवलं. तुझ्या कोऱ्या वह्या मला मिळाल्या. मी त्या वापरल्या.

अंतिम फेरीत तीच गोष्ट पुन्हा सांगायची असते. खरी सांगितली तरी टाळ्याच पडतील, आणि त्या मला नकोत. काल बक्षीस परत केलं, नाव काढून घेतलं. ही गोष्ट एकाच माणसाला सांगायची राहिली होती.

रविवारी तुझ्याकडे येतो. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. उघडलंस तर हवं ते विचार. या वेळी खाली बघणार नाही.

तुझ्या वह्यांवर शिकलेला,
तुझा धाकटा