रिकाम्या पाठीचा बैल

माइल्स सिटी, मोंटाना
१३ जून १९८८

ती. वर्नाताईस मार्लिसचा सा. न. वि. वि.

तुझा चेरीचा मुरंबा पोचला. बाटली धड आहे.

कोरीनचं विचारलं होतंस. सोळाव्या वर्षी सामन्यात उधळत्या बैलावर बसायचं खूळ लेकीने सोडलेलं नाही. तिच्या बापाची, वेंडेलची, कंबर बैलानेच मोडली. तो काठी टेकत गोठ्याकडे जातो तो आवाज मी रोज ऐकते. म्हणून शनिवारी, तिच्या सामन्याच्या दिवशी, मी एक केलं. घरात गाडी एकच. ती घेऊन पेंड आणायला गेले आणि मुद्दाम उशिरा परतले. गाडी बंद पडली म्हणून सांगितलं.

मैदानाशी पोचलो तेव्हा कर्ण्यावर तिचंच नाव पुकारत होते. स्वार आला नाही तरी त्याच्या नावाचा बैल सोडतातच, हे मी विसरले कशी? फाटक उघडलं. रिकाम्या पाठीचा बैल मैदानभर उधळला आणि पोर भ्याली म्हणून लोक हसले. कोरीन खांद्यावर बैलाला आवळून धरायचा दोर घेऊन कुंपणापाशी उभी होती. पेंडवाला आता तिला विचारतो, काय गं, तुझ्या कृपेने बैलाची तब्येत बरी आहे ना. आणि ती सगळ्यांना सांगते, आईची गाडी बंद पडली, आईचा काय दोष.

ताई, हे वाचूनही माया आटू देऊ नकोस.

मार्लिस


बिलिंग्ज
१८ जून

चि. मार्लिसला अ. उ. आ.

लहानपणी माझी सायकल लपवून भुताने नेली म्हणालीस, तेव्हापासून तुला खोटं जमत नाही हे मला ठाऊक आहे.

भीती वाटली यात लाज नाही. मलाही वाटते. पण तुझं खोटं ती पोर गावभर खरं म्हणून सांगते आहे, आणि तू ऐकून घेतेस. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलांना तू फळ्यापाशी उभं करतेस. आता स्वतः कुठे उभी राहतेस ते ठरव. मला कळवून काय उपयोग? जिला भित्री म्हणतात तिला सांग, आणि जे म्हणतात त्यांनाही. मग इकडे ये आणि पोटभर रड.

रागावले आहे. लोभ जागच्या जागी आहे.

वर्ना


माइल्स सिटी
५ जुलै

ती. ताईस सा. न.

सांगितलं. कोरीनने पानातलं संपवलं, ताटली धुतली आणि अंगणात गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

काल इथे सामने होते. मी फाटकांमागे गेले. स्वार बूट आवळत होते. त्यांना सांगितलं की त्या दिवशी ही घाबरली नव्हती, गाडी मी अडवली होती. आवाज वर्गात लागतो तसाच लागला. एक म्हातारा म्हणाला, बाई, झालं असेल तर बाजूला व्हा, बैल आत येतोय. कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

कोरीन बैलावर बसली आणि दोराचं टोक माझ्या हातात दिलं. लग्नाआधी वेंडेलचा दोर मीच आवळायची. ओढ म्हणाली, मी ओढला. अजून म्हणाली, अजून ओढला. मग तिने मान हलवून इशारा केला आणि फाटक उघडलं.

फार टिकली नाही. पडली, उठली, टोपी झटकली. मनगट सुजलं आहे.

परतताना गाडी तिने चालवली. घरी आल्यावर किल्ली खुंटीला लावायला मी हात पुढे केला. तिने ती आपल्या खिशात टाकली आणि झोपायला गेली. अजून तिथेच आहे. मी मागितलेली नाही.

तुझा लोभ तेवढा मागते.

मार्लिस