जमिनीखालचा मका

१२ ऑक्टोबर १८७६, नेब्रास्का
डॉर्कस, तू भर लग्नात नवऱ्याचं नाव विसरली होतीस, तेव्हा मला विसरलीस यात नवल नाही. मी हेप्झिबा, तुझी थोरली बहीण. मला अक्षर येत नाही, एवढं तरी आठवत असेल. मी सांगते, नात अल्मायरा लिहिते. वही भरली की ओहायोला पाठवीन.

घर झकास आहे. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांचं. छपरातून गांडुळं रश्श्यात पडतात, म्हणजे जेवण आपोआप सामिष. माझ्या मुलानं, एझ्रानं, स्वतःच्या नावावर मिळेल तेवढी जमीन घेतली, ही शेजारची माझ्या नावावर. घर रिकामं दिसलं की कुणीही हक्क सांगतो. म्हणून वसंतापर्यंत म्हातारी इथे खुंटीसारखी ठोकली आहे.

३ नोव्हेंबर
चुलीजवळ अल्मायराचा पाय जमिनीत गेला. खाली खोल खड्डा, गवतानं मढवलेला, वाळवलेल्या लाल-निळ्या मक्यानं भरलेला. एझ्रा म्हणाला, इथे पॉनी टोळीच्या इंडियन लोकांचं गाव होतं. सरकारनं त्यांना दक्षिणेला हाकललं, ते काही आता जेवायला यायचे नाहीत. मी म्हटलं, मग पानात टाकणं वाईट दिसेल. मका गोड आहे.

९ डिसेंबर
भर दुपारी एक पॉनी बाई आली. पाठीवर मूल. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, तिकडे तापानं घरचे सगळे गेले, हे एकच उरलं. माझा मका इथे पुरलाय. अल्मायरा म्हणाली, आजी, एक टोपलं तरी दे. मी म्हटलं, आज टोपलं दिलं तर उद्या चूल मागेल. जमीन माझी, तिच्या पोटातलंही माझं. कडी लावली. बाई भिंतीला टेकून बसली.

१० डिसेंबर
सकाळी तशीच बसलेली. खांद्यापर्यंत बर्फ. मूलही.
जमीन गोठून दगड झालेली. खणलेला खड्डा एकच होता, चुलीजवळचा. मका आधी पोत्यांत काढून घेतला, मग दोघांना उतरवलं, वर फळ्या टाकल्या. अल्मायरा दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसली. लिहिते तेवढी, उपकार.

२ जानेवारी
मका शिजत घातला की फळ्यांवर खालून टकटक होते. उंदीर, मी म्हटलं. अल्मायरा म्हणाली, उंदीर शिजायची वाट बघत नाहीत. तिनं जेवण सोडलंय. बापाकडे जाऊ या म्हणते. मी म्हटलं, घर सोडलं तर जमीन जाईल, आणि तू गेलीस तर लिहील कोण?

१४ जानेवारी
एक फळी सरकली आहे. आम्ही सरकवली नाही. पोती निम्मी रिकामी. अल्मायरा म्हणते, हे शेवटचं लिहिते, मग मी —

१५ जानेवारी
अल्मायरा काल निघून गेली. शालही न घेता.
वही चुलीपाशी. मी आपली सवयीनं बोलले —
कुणी धरली नसताना लेखणी कुरकुरली.

१६
मला वाचता येत नाही, डॉर्कस. लेखणी माझंच लिहितेय की — मी म्हटलं, सुकवलेली सफरचंदं पाठव. लेखणी बराच वेळ चालली. सफरचंदं एवढी लांब नसतात.
तिसरी फळी —

मका पाठव. लाल-निळा. मुलाला मऊ शिजवलेला लागतो. म्हातारीसाठी काही पाठवू नकोस, ती आता खाली —