मागच्या खोलीला मुदत नाही

मी, खाली सही करणारा, सेमिनरीचा निवृत्त शिपाई, राहणार सेमिनरीच्या मागच्या गल्लीत शेवटून दुसरे घर, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मी शुद्धीवर आहे. दम लागतो, पण तो छातीचा, डोक्याचा नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलगी अधूनमधून टोमणे मारते, पण टोमणे दडपणात धरत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. याआधी लिहिलेली सगळी मृत्युपत्रे मी रद्द करतो. ती बरीच आहेत. काही पत्र्याच्या डब्यात आहेत, काही कुठे ठेवली ते आठवत नाही. सापडल्यास फाडून टाकावीत, वाचत बसू नये.

सेमिनरी म्हणजे फादर होणाऱ्या मुलांचे विद्यालय. तिथे मी उभे आयुष्य दोन कामे केली. तासाची घंटा वाजवली आणि तास संपल्यावर फळे पुसले. शिक्षण बेताचे, सातवी अर्धी. तरी मुले मला घंटामास्तर म्हणत आणि पुढे फादरही म्हणू लागले.

कलम १. माझा आत्मा मी देवाच्या हवाली करतो. वकीलबाई म्हणाल्या, हे कायद्याला लागत नाही. मी म्हटले, मला लागते. आत्मा मुळात त्याचाच, तेव्हा मी वापरून परत करतो आहे इतकेच. जरा चुरगळला आहे, सांभाळून घ्यावा.

देव म्हणजे कोण, हे मला सांगता येणार नाही. ते वरच्या मजल्यावर डाव्या हाताच्या पहिल्या वर्गात शिकवत. त्रैक्य शिकवणारे फादर उंच, किडकिडीत होते. ते दरवर्षी फळ्यावर एक त्रिकोण काढायचे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी तीन टोके लिहायचे, मुलांनी तो वहीत उतरवला की बाहीने पुसून टाकायचे आणि म्हणायचे, "हा देव नव्हे. आता पुन्हा सुरुवात करू." सगळ्या सेमिनरीत स्वतःचा फळा स्वतः पुसणारा तो एकच माणूस. मी दाराशी बादली घेऊन उभा असायचो आणि माझ्या अंगावर काटा यायचा. एवढा शिकलेला माणूस सगळे मांडून झाल्यावर रिकाम्या फळ्याकडे बोट दाखवायचा. आजही प्रार्थनेला डोळे मिटले की मला तो ओला, काळा फळा दिसतो आणि छाती भरून येते.

कलम २. बादली आणि फडकी सेमिनरीच्या नव्या शिपायाला. आता तिथे पांढरे फळे आले आहेत, पुसायला पाणी लागत नाही, तरी द्यावी.

फळ्याचे पाणी मोरीत ओतायला माझा हात धजत नसे. त्यात काय काय विरघळलेले असायचे! जगाची उत्पत्ती, पाप, कृपा, देव माणूस कसा झाला, सगळे एका बादलीत. मी ते अंगणातल्या झाडाच्या मुळाशी ओतायचो. संस्कार शिकवणाऱ्या फादरांनी एकदा हटकले.

"मास्तर, खडूच आहे हो तो."

"असेल, फादर. पण तुम्हीच आत सांगत होता, साधं पाणी, साधं तेल, साधा पाव, एवढ्यावर देव काम भागवतो म्हणून. मग मला भीती वाटते. कशाला पाय लागेल सांगता येत नाही."

ते झाडाकडे बघून हसले. "म्हणजे ह्याचा बाप्तिस्मा झाला म्हणायचा. नाव काय ठेवलंत?"

झाड भलतेच फोफावले. त्याची फांदी आता त्यांच्याच खिडकीत शिरते. नव्या शिपायाने ती तोडू नये.

कलम ३. मोठे पितळी कुलूप जावयाला. जावई दार लावतो आणि वळूनही बघत नाही. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी कुलूप लावले की ओढून पाहतो, कोपऱ्यापर्यंत जातो, परत येऊन पुन्हा ओढतो. पापनिवेदनालाही माझे तसेच. पापे सांगून बाहेर आलो की वाटायचे, एक राहिले. पुन्हा रांगेत उभा. नीतिशास्त्र शिकवणारे फादर एकदा जाळीआडून म्हणाले, "मास्तर, आता पुरे. मागे अख्खी रांग आहे, त्यांनाही पापं आहेत." मग हळू आवाजात त्यांनी सांगितले की या दुखण्याला त्यांच्या शास्त्रात नाव आहे. जुने दुखणे आहे, मोठमोठ्या संतांना झालेले. औषध एकच. क्षमा मिळाली की कुलूप पुन्हा ओढायचे नाही. मला तिथेच रडू आले. माझ्यासारख्या घाबरटाचा विचार करून कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी पान लिहून ठेवले होते! दुखणे गेले नाही, पण मी एकटा नाही हे कळले.

कलम ४. भिंतीवरचे घड्याळ माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला. घरात कोणाला उशीर होऊ नये म्हणून ते मी कायम पुढे ठेवत आलो. माझ्या दोन्ही मुलांनी बालपण त्या घड्याळाच्या धाकात काढले. अक्का स्वतः कुठेही सगळ्यांच्या आधी पोचते आणि नंतर येणाऱ्यांकडे बघत बसते, म्हणून ते तिला शोभेल. हे मी रागाने लिहीत नाही. थोड्या रागाने लिहितो.

कलम ५. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि बँकेत जे काही निघेल ते मुलीला. त्यातून माझ्यासाठी आणि तिच्या आईसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, व्हावी. "कृपा कमावता येत नाही, ती मिळते" ही ओळ कृपेच्या वर्गातल्या फळ्यावरून मी इतक्या वेळा पुसली आहे की हाताला पाठ झाली. म्हणून लिहून ठेवतो की मुलीने माझी सेवा केली म्हणून मी तिला घर देत नाही. हे तिला वाचून दाखवले, तर स्वयंपाकघरातून आवाज आला.

"म्हणजे एवढी वर्षं मी तुमचं पथ्याचं केलं ते वायाच?"

"वाया कसं जाईल, बाळ? पण घर त्याबद्दल नाही. तू माझी आहेस म्हणून. काही केलं नसतंस तरी तुझंच होतं."

"हे आधी सांगायचं होतंत," ती म्हणाली.

कलम ६. मागची खोली, तिच्यातला पलंग आणि दाराची किल्ली धाकट्याला, म्हणजे माझ्या मुलाला. हे कलम लिहायला मला सर्वांत जास्त भीती वाटते, म्हणून सावकाश लिहितो.

त्याची आई गेली त्या दिवशी त्याची गाडी चुकली. मी तिचा हात धरून बसलो होतो, पण तिचे डोळे दाराकडे होते. तो पोचला तेव्हा डोळे मिटवून झाले होते. अक्का दारातच उभी होती. म्हणाली, "आता काय आलास?" एवढेच. तो उंबऱ्यातून आईकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "बाबा, तास संपला. वाजवा तुमची घंटा."

माती झाल्यावर तो गेला, तो गेलाच. चर्चची पायरी चढत नाही. बहिणीला फोन करतो, ठीक आहे म्हणतो, येतो म्हणत नाही. आईला काही सांगायचे राहून गेले आणि आता सांगून उपयोग नाही, हे त्याने मनाशी धरले आहे.

मी शेवटच्या फादरांकडे गेलो. ते अंतिम गोष्टी शिकवत, म्हणजे मरण, न्याय, स्वर्ग आणि नरक. मुले त्यांना शेवटचे फादर म्हणत ते त्या विषयामुळे आणि वर्गात सगळ्यांच्या शेवटी येतात म्हणूनही. माझ्या घंटेचा असा अपमान दुसऱ्या कोणी केला नाही. त्यांच्यावर माझा राग होता, तो इथे नोंदवून ठेवतो.

मी विचारले, "फादर, उशिरा केलेली प्रार्थना पोचते का?"

"मेलेल्यांसाठी? रोज करतो की आपण."

"ती मेल्यावर आत्मा शुद्ध व्हावा म्हणून. मी विचारतोय तिच्या शेवटच्या क्षणासाठी. ती दाराकडे बघत होती आणि पोरगा नव्हता. तो क्षण तर गेला."

"तुमच्यासाठी गेला," ते म्हणाले. "मास्तर, फळा पुसायला आत येता तेव्हा तुम्हाला काय दिसतं?"

"अक्षरं."

"मी लिहीन तशी मुलांना एकेक ओळ दिसते. तुम्ही दारातून येता तेव्हा पहिली ओळ आणि शेवटची ओळ एकदमच समोर असते. देव तसा बघतो. मुलगा म्हातारपणी आईसाठी काही बोलला, तरी ते शब्द आणि तिचा शेवटचा श्वास देवापुढे एकाच फळ्यावर आहेत. घडलेलं पुसून टाक असं मागता येत नाही. पण त्या क्षणी तिच्या आत काय चाललं होतं, हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे? त्यासाठी आजही मागता येतं. आजचं मागणं त्याने तेव्हाच ऐकलेलं असतं."

मी न राहवून म्हटले, "तुम्ही जन्मभर उशिरा आलात, म्हणून हे सोयीचं शास्त्र सांगताय."

"शास्त्र माझं नाही, मास्तर," ते म्हणाले. "उशीर तेवढा माझा."

त्या दुपारी मी रिकाम्या वर्गात गेलो. फळा भरलेला होता. फडके पिळून हातात घेतले, पण हात वर जाईना. वरपासून खालपर्यंत सगळा तास तिथे एकदम उभा होता. मी जन्मभर घंटा वाजवून लोकांना सांगत आलो की वेळ संपली. आणि ज्याच्या घरात मी ती वाजवत होतो, त्याच्यापुढे काहीच संपलेले नव्हते. मी पहिल्या बाकावर बसून राहिलो आणि त्या दिवशी पुढची घंटा उशिरा झाली.

वकीलबाईंना खोलीचे सांगितले तर म्हणाल्या, "आजोबा, मुदत घाला. अमुक वर्षांत आला नाही तर खोली बहिणीकडे. नाहीतर ती बिचारी रिकामी खोली झाडत बसेल."

"मुदत घालणार नाही."

"आणि तो आलाच नाही तर?"

मी घाबरलो. मुदत नसलेली गोष्ट मी आयुष्यात कधी केली नव्हती. मी मुलीकडे पाहिले. ती भांडी पुसत होती. हातातले ताट खाली ठेवून म्हणाली, "झाडीन मी. तुम्ही लिहा, बाबा."

म्हणून लिहितो. या खोलीला मुदत नाही. त्याने चर्चला यावे अशी अटही नाही. कधी वाटले तर आईला सांगायचे राहिले ते त्याने तिथे पलंगावर बसून सांगावे. ते पोचलेले आहे.

कलम ७. माझ्या मातीला कोणासाठी थांबू नये. फार दिवस थांबवायचा माणूस मी नव्हे, मलाच काळजी लागेल. धाकटा नंतर आला तर त्याला "आता काय आलास" असे कोणी म्हणू नये. "ये, बस, पाणी घे" असे म्हणावे. हे सर्वांना बंधनकारक आहे, कायद्याने नसले तरी.

सह्यांच्या आधी घडलेले इथे जोडतो. वकीलबाईंनी हे सगळे मोठ्याने वाचले तेव्हा अक्का खिडकीशी बसली होती. ती अर्थात सर्वांच्या आधी येऊन बसली होती. सहावे कलम संपले तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला. सातवे संपले तेव्हा म्हणाली, "दुसरा साक्षीदार कोण?"

वकीलबाई म्हणाल्या, "एक शेजारचे शिंपी आहेत. दुसरा बघू."

"मी करते सही."

"तुम्हाला करता येणार नाही, आजी. तुमच्या नावे घड्याळ आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते."

अक्का घड्याळाकडे बघत राहिली. ते नेहमीप्रमाणे पुढे पळत होते. मग ती मला म्हणाली, "अरे, खोड ते कलम. मला नको तुझं घड्याळ. त्या पोराला मुदत नाही, ह्याला साक्षीदार मी आहे."

म्हणून कलम ४ मी माझ्या हाताने रद्द केले आहे. घड्याळ आता कोणाचेच नाही. त्याला कोणी किल्ली देऊ नये.

स्थळ: माझे घर, पुढची खोली.
तारीख: वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातली आहे ती.

सही: घंटामास्तर

साक्षीदार: शेजारचा शिंपी
साक्षीदार: अक्का, धाकट्याची आत्या