विचारायचं नाही, टाळी वाजवायची

२७ ऑक्टोबर, सोमवार

गेटपासून वळणापर्यंत जेमतेम पळाले असेन, तर एका बाईने माझा दंड धरला. दंड! डोक्यावर पदर, हातात दुधाची किटली.

“काय झालं वो? कोन गेलं?”

कोणी गेलं नाही, म्हटलं. “मग पळताय का?” व्यायाम, म्हटलं. तिने माझ्या नव्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, दंड काही सोडला नाही. “लाजू नका. कुनी गेलं आसंल तर सांगा. आमची मान्सं हायेत.”

सगळी नोकरी मी पिंपरीत साहेबांच्या केबिनबाहेर काढली. एकाचीही हिंमत झाली नाही माझ्या अंगाला हात लावायची. घरी आले आणि बूट दारातच भिरकावले. दमून नव्हे, रागाने.

२८ ऑक्टोबर

आज टपरीवाला भिमाजी. हातातला चहा ओतून देऊन त्याने मोटरसायकलला किक मारली. “बसा मॅडम, कुठं सोडायचं?”

कुठंही नाही! मला कुठंही जायचं नाही! मी परत इथेच येणार आहे!

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू बातमी फारच वाईट आहे आणि बाईला धक्का बसलाय.

३० ऑक्टोबर

सोसायटीच्या बागेत पळता येत नाही म्हणून हे भोगतेय. चेअरमन नानासाहेबांनी पाटी लावली आहे – ‘केवळ चालण्यासाठी’. मी विचारलं, का? तर म्हणे, “ताई, या वयात शोभतं का? शिवाय खालच्या पार्किंगमध्ये आवाज जातो.” माझ्या पावलांचा आवाज जातो. त्यांच्या हास्यक्लबचा जात नाही!

शाळेतही हेच. कॉरिडॉरमध्ये जरा पाय उचलला की सिस्टर बर्नाडेट हातातली पट्टी आपटायच्या – “गर्ल्स, वॉक!” तेव्हापासून चालतेच आहे. पुरे झालं.

२ नोव्हेंबर, रविवार

जयदीप आला होता. रावेतच्या फ्लॅटमध्ये माझी खोली तयार आहे, पडदेसुद्धा लागले. माझ्या खोलीचे पडदे सुनेने निवडले! मोशीचं हे घर भाड्याने द्यायचं, म्हणे. गेल्या पावसात मी जिन्यात पडले, तेव्हापासून त्याने हाच धोशा लावला आहे.

“आई, इथे तुला विचारणारं कोण आहे?”

मी हसलेच. अरे, विचारणाऱ्यांनीच तर जीव नकोसा केलाय! अख्खा रस्ता विचारतो!

मग वादावादी. शेवटी मीच म्हटलं – संक्रांतीच्या आत गेटपासून इंद्रायणीच्या पुलापर्यंत आणि परत, एकदाही न थांबता पळून दाखवते. जमलं तर रावेत हा शब्द या घरात काढायचा नाही.

“आणि थांबलीस तर?”

तर पडद्यांसकट खोली मान्य.

तो इतका मोकळेपणाने हसला की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. सही केल्यासारखा हात पुढे केला. मीही केला.

५ नोव्हेंबर

एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, तिसऱ्यापर्यंत चालायचं. बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखं दुखतं. पायाची नखं काळी पडलीत. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, सगळीकडे हसऱ्या बायकांचे फोटो!

९ नोव्हेंबर

ती दंड धरणारी बाई म्हणजे रतनबाई. पुढच्या वळणावर तिचा गोठा. नवरा मुरारीभाऊ गोठ्याबाहेर बाजेवर बसून आल्यागेल्याला रामराम घालतो. आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच वावरात. हे तिने मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा मी पळत असताना. म्हणजे थांबवून!

रोज तेच. “आज तरी सांगा, काय झालं?” दम लागला की उत्तरही देता येत नाही. मग ती माझ्याबरोबर पळू लागते, किटलीसकट, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगते, “बाईंना बोलवंना झालंय!”

१४ नोव्हेंबर

आज फुटले. अर्ध्या वाटेपर्यंत न थांबता गेले होते – पहिल्यांदाच! आणि भिमाजीच्या टपरीवरचा एक दाढीवाला आडवा आला. हातात पाण्याची बाटली. “घ्या मावशी, आधी पाणी घ्या. नीट सांगा, पोलिसांना फोन लावायचा का?”

मी थांबले. गेला दिवस! म्हटलं, थांबलेच आहे तर सगळ्यांचं करून टाकू. रतनबाईंनाही हाक मारली आणि टपरीसमोर उभं राहून सुनावलं. माणसं कुणी मेलं तरच पळतात का? मी माझ्या मर्जीने पळते. यापुढे बाई पळताना दिसली की विचारायचं नाही. टाळी वाजवायची. बास!

भिमाजी म्हणाला, “कंचीबी बाई?”

कोणतीही! गावातली असो, सोसायटीतली असो. विचारलं की ती थांबते. थांबली की तिचं नुकसान होतं.

रतनबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, “आमच्यात बाई पळाया लागली की चुलीवरचं तसंच टाकून लोक उठत्यात. आन् तुमी म्हनता टाळ्या पिटा.”

तुमच्यात बदला, म्हटलं.

१५ नोव्हेंबर

कुणीही अडवलं नाही. रतनबाई दुसऱ्या बायकांना सांगत होती ते कानावर आलं – “इचारू नगा गं. त्या हौसेनं पळत्यात.”

हौसेनं! असो.

२१ नोव्हेंबर

भिमाजीने आज टाळी वाजवली. एकट्यानेच, जरा भीत भीत.

३ डिसेंबर

आता अख्खी टपरी वाजवते. शिफ्टवरून सुटलेली चाकणची पोरं शिट्ट्याही मारतात. “भारी मॅडम! दमवलं राव आम्हाला!” शिट्ट्यांबद्दल एकदा फैलावर घेणार आहे. पण पाय उचलतात, हे कबूल.

१२ डिसेंबर

पुलापर्यंत पोचले. परत मात्र चालत आले. नदीवर साबणासारखा फेस. या नदीचं काय करून ठेवलंय लोकांनी! तिथे उभं राहून मनसोक्त शिव्या दिल्या, इंग्रजीतून. सिस्टर बर्नाडेटना चक्कर आली असती.

२० डिसेंबर

रतनबाईंनी थांबवलं नाही, पण परतताना मी चालत होते तेव्हा हातात गरम दुधाचा पेला दिला. मुरारीभाऊ बाजेवरून म्हणाले, “प्या. पळनाऱ्याला दूध लागतं, बैलालाबी आमी शर्यतीआधी पाजायचो.” माझी बैलाशी तुलना! प्याले मात्र.

रतनबाईंना म्हटलं, तुम्हीही पळा माझ्याबरोबर. किटली घेऊन तर पळत होताच!

“आमी कशाला पळू? आमचं समदं जाग्यावर हाय.”

भित्र्या आहात, म्हटलं. त्यावर दोघं नवराबायको खूप हसली.

४ जानेवारी

जयदीपचा फोन. “आई, प्रॅक्टिस कशी चाललीय?” आवाजात कीव. पुढच्या रविवारी तो स्वतः गाडी घेऊन मागे येणार, “म्हणजे तू थांबलीस तर लगेच बसवता येईल.”

ये. रिकामी गाडी घेऊन ये आणि रिकामीच घेऊन जा.

११ जानेवारी, रविवार

जिंकले! जिंकले! जिंकले!

थंडी मरणाची. जयदीपची गाडी पाठीमागे गोगलगाईसारखी, काचा बंद. जाताना फार जड गेलं. पुलावर वळले तेव्हा वाटलं, संपलं, बसावं इथेच कठड्याला टेकून. मग ते पडदे आठवले आणि निघाले.

आणि परतताना काय पाहावं! गोठ्याच्या वळणावरून समोरून रतनबाई पळत येतायत! खरंच! पायात चप्पल नाही, पदर खांद्यावरून सुटलेला, किटलीबिटली काही नाही. काय वेग! मला पाहून हात वर केला, काहीतरी ओरडल्या. मला ऐकू आलं नाही, कानात माझाच श्वास. मीही हात वर केला. “शाब्बास रतनबाई!” थांबले नाही. थांबायचंच नव्हतं! त्या क्षणभर थबकल्या, मग टपरीच्या दिशेने गेल्या. मागून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. मला तर वाजवून झाल्या होत्या, म्हणजे या त्यांच्यासाठी. डोळ्यांत पाणी आलं. एवढं कधी काही मी कुणाला शिकवलं नव्हतं.

गेटला हात लावला तेव्हा जयदीप खाली उतरला. तोंड बघण्यासारखं झालं होतं. “मानलं, आई.” मग म्हणाला, “ती अनवाणी बाई कोण? तुझी शिष्या? माझ्या काचेवर थाप मारून गेली.”

मजेत असेल, म्हटलं. उद्या तिला बूट घ्यायला नेणार आहे.

रावेत संपलं. आज झोप लागेल.

१२ जानेवारी

मुरारीभाऊ गेले. काल सकाळी, गोठ्यात धार काढताना छातीत कळ आली. रतनबाई गाडी शोधायला पळाल्या होत्या.

त्या रस्त्यावर त्यांना कुणीही विचारलं नाही.