न वाढणारा स्वेटर

सूनबाई,

तू कपडे वाळत घालतेयस, म्हणून हाक मारली नाही. छकुलीला घेऊन बागेत जाते. तिचं खाणं झालंय. माझी कंबर बोलतेय, पण बाकावर बसून ढकलीन वेळ. चिठ्ठी लोकरीच्या टोपलीत ठेवतेय, तिथे तुझा नवरा हात घालत नाही.

रोज दुपारी "विणायला बसते" म्हणून तू दार लावतेस आणि छकुलीच्या स्वेटरची पाठ महिनाभर आहे तिथेच आहे. मला काय दिसत नाही? काल चिरंजीवांनी विचारलंच, "आई, अजून झाला नाही का गं तिचा स्वेटर?" म्हणून सकाळी तू तिला भरवत होतीस तेव्हा चार बोटं विणून ठेवलाय. माझी वीण घट्ट येते, पण त्याला कुठलं कळायला!

झोपते म्हटलं की या घरात दार वाजतं, विणते म्हटलं की वाजत नाही. तेव्हा झोप निवांत. फक्त स्वेटर पुरा करू नकोस. संपत आला तर खुशाल उसव. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी विणायला घेतलेली शाल तो शाळेत जाईपर्यंत पुरली. ती अजून अर्धीच आहे.

— आई